सर्व्हरकाकूंचं वाक्य

काकू थकलेल्या असतात हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सकाळी पावणेआठला त्या दुसरा मजला चढून यायच्या, दाराशी भिंतीला हात लावून मिनिटभर उभ्या राहायच्या, मग पर्स खुर्चीला अडकवून पडद्याकडे बघत म्हणायच्या, "चला, जिवंत आहे." हे त्या सर्व्हरबद्दल म्हणायच्या. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, स्वतःबद्दलच म्हणतात.

मी तिथे फोनवर होते. चाळीसेक दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट आमच्या कंपनीमार्फत मिळायच्या. सकाळी आठला त्या दिवसाच्या वेळा खुल्या व्हायच्या, आणि आठ ते साडेआठ नुसती झुंबड. ज्यांना मोबाइलवर जमायचं नाही ते मला फोन करायचे. कोणाचा पासवर्ड हरवलेला, कोणाचा चष्मा हरवलेला. शांत आवाजात बोलायचं, एवढंच माझं कौशल्य.

काकूंचं काम काय हे समजायला मला दोन वर्षं लागली. तोपर्यंत मी आपली समजत होते की त्या आतल्या थंड खोलीची राखण करतात. सगळे त्यांना सर्व्हरकाकू म्हणायचे, तेही त्याच समजुतीतून. एकदा चहाच्या वेळी मी सरळ विचारलं. त्यांनी टेबलावरचे कप मांडून दाखवलं. मागे बारा मशीन आहेत, खरं काम ती करतात. पुढे एकच मशीन आहे. आलेला प्रत्येक माणूस आधी त्याच्याकडे येतो. ते स्वतः काही करत नाही, फक्त मागे कोण मोकळं आहे ते बघतं आणि त्याच्याकडे पाठवतं. याला लोड बॅलन्सर म्हणतात.

"म्हणजे दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टसारखं," मी म्हटलं.

"तसंच. फक्त ते वैतागत नाही."

हे वाटपाचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, म्हणजे जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं. मी म्हटलं, म्हणजे फुकट. काकू म्हणाल्या, "फुकट म्हणजे कोणीतरी आपल्या रविवारी बसून केलेलं." कोणाचे रविवार ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या सॉफ्टवेअरला एक गोष्ट सांगून ठेवावी लागते: एका वेळी किती हातांनी काम करायचं. त्या हातांना थ्रेड म्हणतात. सेटिंगच्या फाइलमध्ये त्याची एकच ओळ असते, शब्द आणि पुढे आकडा. आमच्याकडे तो आकडा आठ होता. काकूंनीच सहा वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि त्यानंतर त्याची आठवण काढायचीही कधी वेळ आली नव्हती.

घरी काकूंचे यजमान आणि सासूबाई. मुलगी नोकरीसाठी लांबच्या गावी. यजमान गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. काकू म्हणायच्या, "दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारून येतात, मग घरी बोलण्यालाही ब्रेक लागलेला असतो." सासूबाई एक्क्याऐंशीच्या. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि माणसाला रात्री दोनदा उठवायला लागावं असा सगळा संसार मागोमाग आला. उठायच्या काकूच. यजमानांना जाग यायची नाही, असं ते म्हणायचे.

सासूबाईंच्या तोंडाला मात्र काही झालं नव्हतं. सुनेने पाठीमागे उशी लावली की म्हणायच्या, "अगं, मला बसवतेयस की पॅक करतेयस?" काकू हे सांगताना हसायच्या आणि हसता हसता त्यांचे डोळे मिटायचे. खरंच मिटायचे. एकदा त्या वाक्याच्या मध्येच झोपल्या होत्या. मी त्यांच्यापुढचा कप हळूच काढून घेतला.

मग नवं मशीन आलं.

जुन्या मशीनची मुदत संपली होती, देणारी कंपनी ते परत नेणार होती. त्याच्या जागी आमच्या साहेबांनी एक दणदणीत मशीन मागवलं. त्यात दोन प्रोसेसर, प्रत्येकात बत्तीस कोअर. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. एकूण चौसष्ट. साहेब आठवडाभर भेटेल त्याला "चौसष्ट" म्हणत होते, नातवाचे दात मोजावेत तसे. आणि इतक्या मोठ्या मशीनला चालवायला आपली माणसं कमी पडतील, असं वाटून त्यांनी बाहेरचा सल्लागार बोलावला.

सल्लागार तिशीतला, नीटनेटका, बोलायला गोड. मला आवडला तो, खोटं कशाला बोलू. काकूंना "मॅडम" म्हणायचा. गुरुवारी मीटिंग झाली. माझं अक्षर बरं म्हणून मीटिंगची टिपणं लिहायला मलाच बसवायचे, त्यामुळे जे झालं ते माझ्यासमोर झालं.

सल्लागाराने भिंतीवरच्या पडद्यावर त्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेचं एक पान उघडलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. वाक्याचा अर्थ असा: मशीनला जितके कोअर, तितके थ्रेड ठेवावेत, कमी ठेवल्यास मशीनची ताकद वाया जाते.

"तेव्हा आकडा चौसष्ट," तो म्हणाला. मग पान वर-खाली करत आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "फार स्वच्छ लिहिलंय हे पान. नाहीतर असली पुस्तिका वाचवत नाही. हे ज्याने लिहिलंय त्याला समोर कोणीतरी माणूस बसून वाचतोय याची जाणीव आहे."

मी काकूंकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या. गालांवर जरा रंग आला होता. मला वाटलं, एसी बंद पडला की काय.

साहेबांनी विचारलं, "काकू, तुमचं काही म्हणणं?"

काकू त्या वाक्याकडे बघत राहिल्या. ओठ उघडले, मिटले. "नाही," त्या म्हणाल्या. "ठीक आहे."

मी टिपणात लिहिलं: काकूंची हरकत नाही.

शनिवारी दोन माणसं येऊन जुनं मशीन घेऊन गेली. जिन्यावरून उतरवताना एकाच्या बोटाला लागलं, त्याला काकूंनीच पट्टी बांधली. सोमवारपासून नवं.

सोमवारी आठ वाजून तीन मिनिटांनी पहिला फोन. एक आजोबा. "बाई, गोल फिरतंय नुसतं."

"थोडं थांबा आजोबा, येईल पान."

"थांबलोय. चक्कर यायला लागली बघून."

साडेआठपर्यंत सत्तरएक फोन झाले असतील. सगळ्यांचं तेच. पान उघडत नाही, उघडलं तर वेळ निवडता येत नाही, निवडली तर पुढे जात नाही. मध्येच एका गृहस्थांचा फोन आला. आवाज दमलेला. "माझ्या आईला हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचंय. दर तीन महिन्यांनी दाखवावं लागतं, चुकवून चालणार नाही. खरं म्हणजे माझी बायको तुमच्याकडेच कामाला आहे, पण ती फोन उचलत नाही."

मी खुर्चीवरून मागे वळून पाहिलं. काकू पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. बाजूला त्यांचा मोबाइल उजळत होता, विझत होता.

"त्या जरा कामात आहेत," मी म्हटलं.

"हो. नेहमीच असते," ते म्हणाले. रागाने नाही. नोंद करून ठेवावी तसं.

मी काकूंच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर चौसष्ट पट्ट्या होत्या आणि सगळ्या शेवटपर्यंत भरलेल्या, लालभडक. मला वाटलं ही चांगली गोष्ट असेल. "सगळे कामात दिसतायत," मी म्हटलं.

"दिसतायत," काकू म्हणाल्या.

सल्लागाराने फोनवर सांगितलं की गर्दी वाढली असणार, मागे आणखी मशीन जोडा. जोडली. मंगळवारी सकाळी तीच रड, उलट जास्तच. साहेबांच्या डोक्यावरून पाणी गेलं. त्यांनी ऑफिसच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं की आता सल्लागाराला विचारल्याशिवाय कोणी कशाला हात लावायचा नाही. मग काकूंच्या टेबलाशी थांबून आवाज खाली आणत म्हणाले, "काकू, आपल्यालाही आता नव्या गोष्टी शिकायला हव्यात." ते हे प्रेमाने म्हणाले, ते जास्त वाईट होतं. काकू "हो" म्हणाल्या.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी एक कमांड चालवली. कशालाही हात न लावता नुसतं बघता येतं, कोणता थ्रेड आपला वेळ कशात घालवतोय ते. बराच वेळ त्या ओळी वाचत होत्या. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "चहा घेतेस?" मी फोन दुसरीकडे दिला.

आमच्या चहाच्या खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून. काकू खाली बसल्या आणि मला समजेल अशा भाषेत सांगू लागल्या. मागच्या कोणत्या मशीनवर किती लोक पाठवले, याची एक सामाईक नोंद असते. एक थ्रेड तिथे लिहीत असला की बाकीच्यांनी थांबायचं. आठ जण असले तर हे थांबणं कळतही नाही. चौसष्ट झाले की लिहिणारा एक आणि खोळंबलेले त्रेसष्ट.

"आणि थांबणारा शांत बसत नाही," काकू म्हणाल्या. "झालं का, झालं का, म्हणत राहतो. म्हणून ती पट्टी भरलेली दिसते. त्यात निम्मे दुसऱ्या प्रोसेसरवर. म्हणजे शेजारच्या इमारतीत बसलेत असं समज. नोंद इकडून तिकडे न्यायची, तिकडून इकडे आणायची. त्यातच सगळा दिवस जातो."

"मग कमी करायचे."

"करायचे."

पण त्या उठल्या नाहीत. चहा निवला तरी कप हातात तसाच. "मला गुरुवारीच शंका आली होती गं," त्या म्हणाल्या. "दोन प्रोसेसर म्हटल्यावर आधी तपासून बघायला हवं, हे आलं होतं मनात. अगदी ओठांवर आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तो म्हणाला ना, पान स्वच्छ लिहिलंय म्हणून."

"त्याचं काय?"

"ते पान माझं आहे."

मला आधी कळेना, माझं म्हणजे काय. मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्या हे सॉफ्टवेअर शिकत होत्या तेव्हा थ्रेडबद्दल कुठे काही धड लिहिलेलं नव्हतं. ते सॉफ्टवेअर सांभाळणारा मुख्य माणूस कुठल्यातरी परक्या देशात राहायचा. काकूंनी त्याला पत्र पाठवून तक्रार केली. त्याचं उत्तर आलं दोन ओळींचं: बरोबर आहे, कोणी लिहिलेलंच नाही, तुम्ही लिहाल का? काकूंनी लिहिलं. मग दर नव्या आवृत्तीला त्या रविवारी सकाळी बसून पान सुधारत राहिल्या. मुलीची शाळा, परीक्षा, यजमानांची पाठदुखी, सगळ्यांतून. पानाच्या तळाशी नावाची दोन अक्षरं, बस्स. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय, असं त्यांना वाटायचं.

"मग आई पडल्या," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं मी ते पान उघडलेलं नाही. ते वाक्य मी लिहिलं तेव्हा मशीनला चार कोअर असायचे, फार तर आठ. तेव्हा ते खरंच होतं. खोटं कधी झालं ते मला कळलंच नाही."

मी म्हटलं, यात तुमचा काय दोष.

त्यांनी मान हलवली. "वाक्य जुनं झालं तो दोष नाही. पण गुरुवारी मी पडद्यावर ते वाचलं आणि मला माहीत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर कोणीतरी म्हणालं की चांगलं लिहिलंय. मला वाटलं, आत्ता मी काही बोलले तर ते जाईल. दोन मिनिटं तरी असू दे. तेवढ्यात साहेबांनी विचारलं आणि मी ठीक आहे म्हणून मोकळी झाले." त्यांनी कप खाली ठेवला. "लोक कालपासून ताटकळलेत, माझ्या दोन मिनिटांपायी."

मी त्यांचा हात धरला. हात गार होता.

मग त्या उठल्या आणि कामाला लागल्या. चाचणीसाठी एक सुटं मशीन असतं, नव्यासारखंच, कोणाच्याही वापरात नसलेलं. त्यावर त्यांनी खोटी गर्दी सोडली आणि एकेक आकडा घालून पाहिला. चौसष्टला तीच बोंब. बत्तीस करून दोन्ही प्रोसेसरवर अर्धे अर्धे वाटले, तरी रडगाणं. सगळे एकाच प्रोसेसरवर ठेवल्याबरोबर पट्ट्या खाली आल्या आणि कामाचा वेग वर गेला. बत्तीस बरे, चोवीस त्याहून बरे, सोळा सगळ्यांत छान. बारा केले की पुन्हा कमी पडायला लागले. दर आकडा त्यांनी तीन-तीनदा तपासला. एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवत होत्या, आणि लिहिलेलेच आकडे पुन्हा पुन्हा पेनाने गिरवत बसल्या होत्या, झोप येऊ नये म्हणून.

साहेब त्या दुपारी नव्हते. फोनवर म्हणाले, उद्या साडेनऊला सल्लागार येतोय, तेव्हा बघू. काकूंनी विनवलं, की निदान सकाळच्या गर्दीआधी बदलू द्या. "नको," साहेब म्हणाले. "आणखी काही बिघडलं तर?" त्यांनाही दवाखान्यांकडून बोलणी खावी लागत होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते.

म्हणून बुधवारीही आठ वाजता तेच. फोन करून हात टेकलेला एक माणूस चक्क ऑफिसात आला. हाताला मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज. एवढा जिना चढून आला होता. "टाके काढायचेत," तो म्हणाला. "दहावा दिवस आहे. मला मशीनचं काही माहीत नाही. मला माणूस दाखवा."

काकू उठल्या, त्याला स्वतःची खुर्ची दिली, आणि मागच्या दाराने म्हणावं तसं आतल्या नोंदीत शिरून त्याची वेळ घातली. कागदावर वेळ लिहून त्याच्या चांगल्या हातात दिली. तो म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून झालं बघा." काकूंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "मी होते म्हणूनच झालं." त्याला वाटलं, बाई जरा घमेंडी दिसते. मला दिसलं त्याच्या चेहऱ्यावर.

साडेनऊला मीटिंग. काकूंनी पाकीट पुढे ठेवून आकडे सांगितले. सल्लागाराने लक्ष देऊन ऐकलं. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "मॅडम, तुमची चाचणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. जगभरची मंडळी त्याप्रमाणे चालतात. आपण एका दुपारच्या चाचणीवर त्याच्या विरुद्ध कसं जायचं?"

साहेब काकूंकडे बघून म्हणाले, "तो म्हणतोय त्यात अर्थ आहे. ज्यांनी पुस्तिका लिहिली त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार."

मी पेन हातात धरून बसले होते.

"नाही कळत," काकू म्हणाल्या. "ते वाक्य चुकलेलं आहे. मी लिहिलंय ते."

"कुठे लिहिलंय?" साहेबांना वाटलं त्या पाकिटाबद्दल बोलतायत.

"पुस्तिकेत. ते पान माझं आहे. खाली दोन अक्षरं आहेत ती माझ्या नावाची. आठ कोअरच्या जमान्यातलं वाक्य आहे, ते मी बदलायला हवं होतं, बदललं नाही. आणि गुरुवारी मला शंका आली होती तेव्हा मी इथे बोलायला हवं होतं, तेही बोलले नाही."

सल्लागाराने लॅपटॉप उघडला, पान खाली नेलं, ती दोन अक्षरं पाहिली, मग काकूंकडे पाहिलं. बदलांची सगळी यादी तिथे तारखांसकट होती. तो ती वाचत गेला. "अकरा वर्षं?" तो हळूच म्हणाला.

साहेबांनी घसा साफ केला. "हे काम तुम्ही ऑफिसच्या वेळात करायचात?"

मी खाली बघून हसू दाबलं. काकू म्हणाल्या, "रविवारी, साहेब."

"नाही, म्हणजे, बाहेरचं काम करायचं तर लेखी परवानगी लागते, एवढंच."

"देते अर्ज."

दहा वाजता आकडा बदलला. सोळा थ्रेड, सगळे एकाच प्रोसेसरवर. त्या वेळी गर्दी नव्हती, त्यामुळे कळलं काहीच नाही. काकू मला म्हणाल्या, "उद्या आठला बघू," आणि दिवसभर त्या पट्ट्यांकडे बघत बसल्या.

गुरुवारी आठ वाजले. आठ वाजून पाच मिनिटं झाली. माझा फोन वाजला. एका बाईंचा पासवर्ड हरवला होता. मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोनदा "अभिनंदन" म्हटलं. साडेआठपर्यंत नऊ फोन, सगळे नेहमीचे. सोळा पट्ट्या निम्म्यावर डोलत होत्या, बाकीच्या रिकाम्या. साहेब येऊन उभे राहिले, रिकाम्या पट्ट्यांकडे बघून त्यांना हळहळ वाटली असावी. "एवढे कोअर नुसतेच पडून?" ते म्हणाले.

"पडून राहू द्या," काकू म्हणाल्या.

सासूबाईंनाही त्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, यजमानांनी स्वतः मोबाइलवरून घेतली. घरी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या म्हणे, "मुलाने काढून दिली मला वेळ. तुझ्याने नाही झालं." काकूंनी सांगितलं नाही की तीन दिवस का झालं नाही आणि आज का झालं. "काय सांगू?" त्या मला म्हणाल्या. "चौसष्ट आणि सोळा सांगत बसू त्यांना?"

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण काकूंच्या मनातून ते वाक्य जाईना. आपल्याकडे तीन दिवस गेले, पण ते पान तर जगभर वाचलं जातं. रविवारी त्यांनी दोन वर्षांनी ती जागा उघडली, जिथे वाचणारे आपले प्रश्न लिहितात. त्या वाक्याखाली चौदा पत्रं पडली होती. कुठल्यातरी विद्यापीठाने लिहिलं होतं, प्रवेशाच्या दिवशी सगळं बंद पडलं. एका छोट्या रेडिओ केंद्राने लिहिलं होतं. एकाने फक्त एवढंच विचारलं होतं: हे पान अजून कोणी बघतं का?

काकूंनी चौदाही जणांना उत्तरं लिहिली. चुकलं होतं, मी बघत नव्हते, आता असं करून पाहा. दोघांनी लगेच आभार मानले. एकाने रागाने लिहिलं की त्याची नोकरी गेली होती त्या आठवड्यात. ते पत्र काकूंनी मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, एका वाक्याने नोकरी जात नाही, आणखी काही असेल. त्या म्हणाल्या, "असेलही." पण तसं त्यांना वाटत नव्हतं.

मग नवं वाक्य लिहायला बसल्या. तीन वाक्यांना त्यांना तीन आठवडे लागले, कारण मध्ये सासूबाईंना ताप आला. जुन्या वाक्यात आकडा होता, नव्यात नव्हता. त्यात एवढंच होतं की कमी थ्रेडपासून सुरुवात करा, सगळे एकाच प्रोसेसरवर ठेवा, आपल्या गर्दीत मोजून पाहा, आणि वाढवून फायदा होत असेल तरच वाढवा. मुख्य माणसाने ते पाहून दोन ओळी पाठवल्या. बरं झालं तुम्ही परत आलात, मला वाटलं होतं की तुमचं काही बरंवाईट झालं.

सल्लागार मात्र नाराज. तो अधूनमधून यायचाच. "मॅडम, यात आकडा नाही. लोकांना आकडा हवा असतो."

"हवा असतो. मी दिला होता."

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "हे पान मी बघितलं तर चालेल? म्हणजे तुम्हाला वेळ नसतो म्हणून. पत्रं तरी मी वाचत जाईन."

काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं म्हणतील. त्या दिवशी घरी जाताना जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "दिलं तर माझ्याकडे काय राहील गं? घर आणि ऑफिस." मी म्हटलं, आणि झोप. त्या हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याच्या नावाची दोन अक्षरं आपल्या अक्षरांशेजारी जोडली. आपली काढली नाहीत.

त्याने केलेला पहिला बदल तपासायला त्यांच्याकडे आला तो शुक्रवारी दुपारी. उदाहरण म्हणून त्याने एक आकडा घातलाच होता. काकूंनी तो वाचला, डोळे चोळले, आणि खाली तीन ओळी लिहिल्या: हा आकडा कोणत्या मशीनवर, कोणत्या साली, किती गर्दीत मोजला ते लिहा, नाहीतर काढा. लिहून पाठवलं. मग मला म्हणाल्या, "अर्धा दिवस रजा टाकतेय. आईंना पायाचा व्यायाम करून घ्यायला आज कोणीतरी येणार आहे, तासभर मला काही काम नाही."

"मग काय करणार?"

"बघते," त्या म्हणाल्या, आणि पर्स खांद्याला अडकवून कठड्याला धरत हळूहळू जिना उतरू लागल्या.